टायगर वुड्सची घसरण चार दिवसांच्या स्कोअरकार्डवर वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी गोल्फपटू टायगर वुड्सबद्दल मराठी क्रीडापानावर काही आले की मजकूर दोनपैकी एका साच्यातला असतो. एक तर ‘वाघ संपला’, नाही तर ‘वाघाची पुन्हा डरकाळी’. मध्ये २००९ चे विवाहबाह्य संबंधांचे प्रकरण, घटस्फोट, मोटारीचे अपघात आणि शेवटी कीर्तनात शोभेल असे ‘करावे तसे भरावे’. वाचायला बरे वाटते, पण तारखा त्याला साथ देत नाहीत.

प्रकरण बाहेर आले नोव्हेंबर २००९ मध्ये. पहिली मोठी फट दिसली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, हेझल्टाइनच्या पीजीए चॅम्पियनशिपला. तोपर्यंत मेजर म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या, चार दिवसांच्या स्पर्धांत तिसऱ्या दिवसाअखेर वुड्स आघाडीवर असला की जिंकलाच, असा १४ पैकी १४ चा हिशेब होता. पंधराव्या वेळी कोरियाचा वाय. ई. यांग दोन फटके मागून आला, वुड्सच्या ७५ ला ७० ने उत्तर देऊन (गोल्फमध्ये कमी फटके मारणारा वरचढ) तीन फटक्यांनी जिंकला. पुढची तारीख आणखी अडचणीची आहे. याच ‘संपलेल्या’ माणसाने २०१२ मध्ये तीन आणि २०१३ मध्ये पाच स्पर्धा जिंकल्या आणि मार्च २०१३ ते मे २०१४ पुन्हा जगात पहिला राहिला. २०१० आणि २०११ मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत, एकही विजय नाही, हे खरे. त्यात घरच्या वादळाचा वाटा असेलही. पण त्याच दोन वर्षांत प्रशिक्षक बदलला होता, स्विंग नव्याने बांधली जात होती आणि डावा पाय पुन्हा दुखावला होता. बदनामीनेच तो बुडाला असता, तर २०१३ चे काय करायचे?

घसरण झाली, आणि ती शरीराने केली. फक्त लोक समजतात त्या क्रमाने नाही. सर्वसाधारण कल्पना अशी की पाठ गेली म्हणजे ताकद गेली आणि ताकद गेली म्हणजे चेंडू लांब जाईना. गोल्फमध्ये दुखापत सगळ्यात आधी सरावाचे तास खाते. आणि सराव कमी झाला की ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबच्या) आधी बिघडतो तो तीस-चाळीस यार्डांच्या आतला नाजूक खेळ.

आधी गुडघा. तरुण वुड्स चेंडूला क्लब लागण्याच्या क्षणी वाकलेला डावा पाय झटकन सरळ करायचा. जमिनीला दिलेला तो रेटा क्लबच्या टोकाला वेग देतो, पण मांडी फिरून जाते आणि पाऊल मात्र जमिनीत रुतलेले असते, म्हणजे पिळवटतो तो गुडघा. १९९४, २००२, आणि २००८ मध्ये दोनदा याच गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. २००८ चे यूएस ओपन, टॉरे पाइन्स, तो फाटलेल्या लिगामेंटवर आणि नडगीच्या हाडाला दोन ठिकाणी तडे असताना ९१ होल खेळून जिंकला. आपल्याकडे ही गोष्ट अजून जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पुण्यातल्या कुठल्याही अस्थिरोगतज्ज्ञाला विचारा, ते वेगळे काहीतरी सांगतील.

मग पाठ. कमरेच्या प्रत्येक मणक्याला वळायला जागा असते ती जेमतेम एक-दोन अंशांची. स्विंगमधला मोठा पीळ खुब्यातून आणि छातीच्या भागातून यायचा असतो. आधुनिक स्विंगमध्ये मात्र खांदे ९० अंश फिरवायचे आणि कंबर निम्म्यावर रोखायची. त्या ताणातून वेग येतो आणि हिशेब चुकता करतो सगळ्यात खालच्या मणक्यामधला सांधा. फटक्याच्या क्षणी तिथे शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब येतो. वुड्सची त्या भागातली गादी सरकून नस दाबली गेली. मार्च २०१४ मध्ये पहिली शस्त्रक्रिया, सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये आणखी दोन, आणि एप्रिल २०१७ मध्ये शेवटचा उपाय: गादी काढून ते दोन मणके एकमेकांना कायमचे जोडले.

आता या काळातले आकडे पाहा. जानेवारी २०१५, फिनिक्स ओपन, दुसऱ्या दिवशी ८२. जूनमध्ये मेमोरियलला तिसऱ्या दिवशी ८५, पाठोपाठ यूएस ओपनला ८० ने सुरुवात. फिनिक्सच्या ८२ मध्ये डोळ्यांना खटकले ते ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, कडेवरचे चिप (छोटे हलके फटके). जगातला सगळ्यात हळुवार हात असलेला माणूस वीस पावलांवरून चेंडू कधी दोन हात पुढे ढकलत होता, कधी ग्रीनपार धाडत होता. दोन्ही एकाच चुकीची रूपे आहेत. वेजच्या (अशा छोट्या फटक्यांच्या क्लबच्या) तळाला बाऊन्स असतो, म्हणजे मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेली असते. तळ नीट टेकला तर क्लब गवतावरून घसरत जातो. दांडा फार पुढे झुकवला की बाऊन्स नाहीसा होतो आणि धार जमिनीत घुसते. छाती थांबली आणि वजन मागच्या पायावर राहिले तर स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या दोन-तीन इंच मागे पडतो. क्लब आधी माती उचलतो, मग चेंडू. एक-दोनदा असे झाले की मनगटे घाबरून वर उचलतात आणि धार चेंडूच्या पोटावर बसते. याला यिप्स (दडपणाखाली हात अचानक दगा देणे) म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण आपण जुन्या आणि नव्या पद्धतीच्या मधोमध अडकलो आहोत, अशा अर्थाचे त्याने तेव्हा स्वतःच सांगितले होते. पद्धत बदलली की नवा खालचा बिंदू अंगवळणी पडायला हजारो चिप मारावे लागतात, तेही कमरेत वाकून. ज्या माणसाला होलमधून चेंडू काढायला वाकताना कळ येते, तो ते हजारो चिप मारणार कसे?

याचा उलटा पुरावा २०१८ चा. मणके जोडलेला, बेचाळीस वर्षांचा वुड्स व्हॅल्स्पार स्पर्धेत ताशी १२९.२ मैल वेगाने क्लब फिरवत होता. म्हणजे ताकद कुठेही गेलेली नव्हती. वेदना कमी झाल्या, सराव सुरू झाला, हात परत आले. डिसेंबर २०१७ मध्ये क्रमवारीत १,१९९ पर्यंत घसरलेला हा खेळाडू सप्टेंबर २०१८ मध्ये टूर चॅम्पियनशिप आणि एप्रिल २०१९ मध्ये मास्टर्स जिंकला. त्या मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी १५५ यार्डांच्या बाराव्या होलला मोलिनारी, फिनाऊ, कोएप्का आणि पोल्टर या चौघांनी चेंडू पाण्यात घातले. वुड्सने झेंड्याकडे पाहिलेसुद्धा नाही, डावीकडे सुरक्षित जागी मारून ग्रीनवरच्या दोन हलक्या फटक्यांत (पटमध्ये) पार, म्हणजे होलसाठी ठरलेले तीन फटके, साधला. उजव्या बाजूच्या झेंड्यामागे धावायचे नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ठाऊक असून चौघे धावले.

आपल्याकडच्या खेळाडूंसाठी थोडे विषयांतर. येरवड्यापासून लवळ्यापर्यंत जिथे जिथे सरावाची रेंज आहे, तिथे चाळिशी-पन्नाशीतली मंडळी रबरी मॅटवर शंभर चेंडूंची बादली तासाभरात संपवतात, त्यातले निम्मे ड्रायव्हरने. मॅट दोन प्रकारे फसवते. चेंडूच्या मागे लागलेला फॅट फटका रबरावरून घसरून चेंडूपर्यंत पोहोचतो, चूक कळतच नाही. ती कळते एप्रिलच्या टणक जमिनीवर. दुसरे, फॅट फटक्याचा हादरा मातीत जिरण्याऐवजी मनगट, कोपर आणि कमरेत जातो. त्यापेक्षा ड्रायव्हर वीस चेंडूंवर थांबवा आणि उरलेले वेजने, तेही गवतावर. खुबा किती फिरतो ते घरीच तपासता येते. खुर्चीवर ताठ बसा, गुडघा काटकोनात, गुडघा न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. साधारण ३५ अंशांपर्यंत जायला हवे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा तेवढा जात नसेल, तर उरलेला पीळ कंबर किंवा गुडघा भरून काढणार. अशा वेळी उभे राहतानाच डाव्या पायाचा चवडा २०-३० अंश बाहेर वळवून ठेवा आणि मागे घेताना डावी टाच उचलू द्या. जुने खेळाडू टाच उचलत. ती पद्धत ‘जुनाट’ ठरवून टाकण्याची घाई साऱ्यांनाच नडली आहे. पायात मुंग्या येत असतील, तर मात्र हा सल्ला सोडून डॉक्टर गाठा.

फेब्रुवारी २०२१ च्या अपघातानंतरचा वुड्स हा तिसराच खेळाडू आहे. उजव्या पायाच्या दोन्ही हाडांचा चुरा झाला, नडगीत सळई आणि घोट्यात स्क्रू बसले. चौदा महिन्यांनी तो ऑगस्टाला, मास्टर्सच्या मैदानावर, उतरला. चार दिवसांचे आकडे असे: ७१, ७४, ७८, ७८. क्रमांक ४७. आपल्या पानांवर तेव्हा फक्त ‘४७ वा’ एवढेच दिसले. २०२४ च्या मास्टर्सला ७३, ७२, ८२, ७७ आणि साठावा. पहिल्या दोन दिवसांत तो मैदानातल्या चांगल्या निम्म्या खेळाडूंत होता, कट (दोन दिवसांनंतरची गाळणी) पार केला, सलग चोविसाव्यांदा, जो तिथला विक्रम आहे. बिघडले ते तिसऱ्या दिवशी. दूरचित्रवाणीवर ऑगस्टा सपाट दिसते. प्रत्यक्षात दहाव्या होलला टीपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) ग्रीनपर्यंत सुमारे शंभर फूट उतार आहे आणि अठरावा होल सगळा चढाचा. उतारावर पुढचा पाय घोट्यात वाकावा लागतो. घोट्याखालचा सांधा त्याने २०२३ मध्ये शस्त्रक्रियेने जोडून घेतला, म्हणजे तिरप्या जमिनीवर पाऊल आतबाहेर कलण्याची सोय संपली. रोज सात-आठ किलोमीटर चालून तिसऱ्या दिवशी पाय सुजलेला, तयारीला लागणारे तास वाढलेले. ८२ कुठून आले ते एवढ्यात कळते.

त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये पाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया, मार्च २०२५ मध्ये डावी अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली, ऑक्टोबर २०२५ मध्ये जोडलेल्या मणक्यांच्या लगेच वरची गादी बदलली. दोन मणके जोडले की त्यांच्या वाट्याची हालचाल वरच्या सांध्याला करावी लागते. तो सांधा आठ वर्षे तग धरून होता.

सगळ्याच घसरणी अशा नसतात, हेही सांगायला हवे. डेव्हिड ड्युव्हल १९९९ मध्ये जगात पहिला, त्याच वर्षी एका फेरीत ५९ मारलेला, २००१ चा ब्रिटिश ओपन विजेता. त्यानंतर पीजीए टूरवर एकही विजय नाही. पाठ, मनगट, चक्कर आणि त्यात मनही उतरलेले. पण २००९ मध्ये क्रमवारीत ८८२ वा असताना पात्रता फेरीतून येऊन तो यूएस ओपनला संयुक्त दुसरा आला. त्याची गोष्ट निराळी आहे, वुड्सच्या साच्यात ती बसत नाही.

आता दोन विनंत्या. एक, गोल्फच्या बातमीत ‘गुण’ हा शब्द नको. इथे गुण मिळवायचे नसतात, फटके वाचवायचे असतात. ‘वुड्सने ८२ गुण मिळवले’ हे वाचून नवख्या वाचकाला तो जिंकला असेच वाटणार. दोन, अंतिम क्रमांकाबरोबर चारही दिवसांचे आकडे आणि मैदानाचा पार छापा, एका ओळीत मावतात. ३० डिसेंबर २०२५ पासून वुड्स पन्नाशीवरच्यांच्या चॅम्पियन्स टूरला पात्र आहे. तिथल्या बहुतेक स्पर्धा तीन दिवसांच्या आणि गाडीला परवानगी असलेल्या. तो तिथे उतरला आणि पहिल्या दिवसाइतकाच तिसऱ्या दिवशीही खेळला, तर ‘पुनरागमन’ असा मथळा देण्याआधी तो चालत होता की गाडीतून फिरत होता, एवढे बातमीदाराने पाहून घ्यावे.

आपले,
गोल्फ शिकवणारे आणि खेळणारे काही वाचक
येरवडा, पुणे