भावाची फाइल येते, पण भाव चुकीचा दिसतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माल कोणत्या बाजारात न्यायचा, हे आता बरेच शेतकरी मोबाइलवर भाव पाहून ठरवतात. संकेतस्थळावर परवाचा भाव आजचा म्हणून दिसला, तर गाडीभाड्याचा भुर्दंड त्यांना बसतो. भावाची फाइल वेळेवर येऊनही असे घडते, कारण ती संकेतस्थळात घेण्याची जुळणी चुकलेली असते.

ड्रुपल या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालीवरील संकेतस्थळांत हे काम फीड्स मोड्यूल (बाहेरची माहिती आत घेणारा जोडभाग) करते. ते सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) उचलते आणि प्रत्येक ओळीची एक नोंद करते. त्यासाठी एक रकाना 'युनिक', म्हणजे ज्यावरून नोंद ओळखायची असा, ठरवावा लागतो. तो ठरवला नाही, तर तीच फाइल पुन्हा आली की सगळ्या नोंदी दुप्पट होतात. बाजार आणि शेतमाल हे दोन्ही रकाने युनिक केले, तर जास्तच घोळ होतो. फीड्स दोन्हींची जोडी पाहत नाही. एक जुळला तरी जुनीच नोंद धरते. मग लासलगावच्या कांद्याच्या नोंदीवर लासलगावचाच मका चढतो. म्हणून तारीख, बाजार, शेतमाल व जात जोडून केलेला एक स्वतंत्र रकाना फाइलमध्येच द्यावा आणि तेवढाच युनिक ठेवावा. नव्या फाइलमध्ये नसलेल्या जुन्या नोंदी 'काढून टाका' असे निवडू नये. फाइल अर्धवट आली, तर उरलेले भाव पुसले जातात.

तारखेची चूक सहज लक्षात येत नाही. तिरप्या रेघेची ०५/०६/२०२४ ही तारीख पीएचपी (ड्रुपल जिच्यात लिहिले आहे ती संगणकभाषा) ६ मे अशी वाचते; १३/०६/२०२४ तर वाचताच येत नाही. फीड्स टॅम्पर (आत घेताना मजकूर बदलणारा फीड्सचा जोडभाग) बसवून रेघेच्या जागी आडवी जोडरेघ घालावी, म्हणजे ५ जूनच राहतो. शब्दांच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागाही त्यातच छाटाव्यात. 'सोयाबीन' आणि 'सोयाबिन' असे दोन्ही शब्द आले आणि नवे शब्द आपोआप तयार करण्याची मुभा दिलेली असली, तर यादीत दोन पिके होतात. ती मुभा बंदच ठेवावी. भाव '२,४५०' असा स्वल्पविराम घालून किंवा देवनागरी अंकांत आला, तर तो संख्येच्या रकान्यात बसत नाही. फाइल एक्सेलमधून काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा, नाहीतर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात.

मजकूर आणि जुळणी दोन्ही न बदललेली ओळ फीड्स वगळते. जुळणी दुरुस्त केल्यावरही जुन्या नोंदी तशाच राहिल्या, तर एकदा सक्तीने अद्ययावत करण्याचा पर्याय लावून आयात करावी.

शेवटी वेळ. ड्रुपलचा अंगचा क्रॉन (ठरावीक वेळाने कामे आपोआप चालवणारी सोय) मुळात तीन तासांवर लावलेला असतो आणि कुणी संकेतस्थळ उघडले तरच चालतो. पहाटेचे भाव हवे असतील, तर सर्व्हरच्या क्रॉनटॅबमधून (कामांच्या वेळापत्रकातून) तो दर १५ मिनिटांनी चालवावा. आणि प्रत्येक भावाशेजारी त्या भावाची तारीख ठळक छापावी, ही संबंधित सर्व संस्थांना विनंती.

— संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करणारे तंत्रज्ञ