मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी बदला

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत घरातल्या झाडांवर लेख होता, त्यात मनीप्लांट बाटलीत लावा आणि विसरून जा असं लिहिलंय. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची मादी अंडी घालते ती पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला, आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८-१० दिवस पुरतात. म्हणून नुसतं वरून पाणी भरत राहून काही उपयोग नाही, आठवड्यातून एकदा सगळं ओतून टाकायचं, बाटली आतून ब्रशने घासायची, मुळांवरचा बुळबुळीतपणा नळाखाली धुवायचा आणि मग नवीन पाणी. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी पण त्याच दिवशी काढायचं, तिकडे तर कोणाचं लक्षच जात नाही. पालिकेची माणसं घरी येऊन कोरडा दिवस पाळा, म्हणजे आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा, असं सांगतात तेव्हा आपण ड्रम दाखवतो, टीव्हीशेजारची बाटली कोणी दाखवत नाही!

खरं तर हा वेल मातीतच जास्त खुलतो. तो मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा, तिथे झाडांच्या खोडांवर चढतो आणि चढला की पानं मोठी होतात, खाली लोंबत सोडला की लहानच राहतात. म्हणजे मोठी पानं हवी असतील तर कुंडीत काथ्याची काठी लावून त्याला चढू द्या. उजेड भरपूर पण थेट ऊन नको, अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळे पट्टे जाऊन पानं नुसती हिरवी होतात आणि दोन पानांमधलं अंतर वाढत जातं. पावसाळ्यात बोट घालून बघायचं, वरची माती सुकली असेल तरच पाणी, नाहीतर मुळं कुजून खालची पानं पिवळी पडतात.

चोरून आणलेला मनीप्लांट लाभतो म्हणून लोक नुसतं पान खुडून नेतात. पान पाण्यात हिरवं राहील, त्याला मुळंही फुटतील कदाचित, पण वेल नाही होणार. देठ खोडाला जिथे जोडलेला असतो तिथे पेर असतं, त्यावर तपकिरी टोक दिसतं, त्यासकट कापा. आणि घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर उंचावरच ठेवा, पान चावलं की तोंडाची आग होते, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात.

माझी एवढीच विनंती आहे, पुरवणीत बाटल्यांचे सुंदर फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ टाका, दर आठवड्याला पाणी बदला आणि बाटली घासा.

आपली नियमित वाचक,
ठाणे