गणित सोडण्यापूर्वी कोणी तरी सांगणारे हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानामार्फत दहावी करता येते, हे आता इंदुरातही पुष्कळांना ठाऊक आहे. तेथे वयाला वरची मर्यादा नाही, एकदा केलेली नोंदणी ५ वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. इतकी सोय असूनही तयारी करताना माणसे गळतात, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर मी रामबागेच्या परिसरातील काही महिलांना गणित शिकवते. त्यांच्यातल्या, घरोघरी पोळ्या करणाऱ्या एक ताई भिशीचा हिशेब तोंडी चोख सांगतात, पण वहीत समीकरण दिसले की पेन्सिल खाली ठेवतात. एकदा मी त्यांना पगार आणि हाती आलेली रक्कम सांगून एका खाड्याचे किती कापले ते विचारले. उत्तर त्यांनी लगेच दिले आणि थोड्या मदतीने तेच समीकरणाच्या रूपात लिहूनही काढले. हे पुस्तक एकट्याने वाचून साधत नाही. शेजारी बसून समजावणारे कोणी तरी लागते.

असे कोणी नसले की फॉर्म भरून देणारा सांगेल तेच विषय घेतले जातात. या दहावीत गणित सक्तीचे नाही, त्यामुळे ‘सोपे पडेल’ म्हणून ते सहज वगळले जाते. मात्र ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीला दहावीत गणित आणि इंग्रजी उत्तीर्ण असावे लागते, हे तेव्हा कोणी सांगत नाही. प्रमाणपत्र हाती आल्यावर हे कळणे फार क्लेशकारक असते, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. स्वाध्यायांचेही तसेच: त्यांना २० टक्के भार असतो, तरी विकत मिळणारी तयार उत्तरे उतरवून ते जमा केले जातात आणि तयारीची चांगली संधी वाया जाते.

अध्ययन केंद्रांचे संपर्क वर्ग बहुधा सुटीच्या दिवशी असतात; स्वयंपाकाची किंवा दुकानातली कामे करणाऱ्यांना नेमकी त्याच दिवशी उसंत नसते. आपल्या शहरात मराठी मंडळांची सभागृहे आहेत, वाचनालये आहेत आणि निवृत्त शिक्षकही पुष्कळ आहेत. कार्यक्रम नसलेल्या दिवशी, आठवड्यातून दोन संध्याकाळी, यांपैकी एखादी खोली या विद्यार्थ्यांसाठी उघडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सार्वजनिक परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. एका वेळी दोनच विषय घेतले, तरी नोकरी सांभाळून पाच विषय मुदतीत पुरे होतात.

गणित शिकवण्याची जबाबदारी मी घेते. इंग्रजी आणि विज्ञानासाठी शिक्षक हवे आहेत, आणि अर्ज भरण्यापूर्वी विषयनिवडीचा सल्ला देईल असे एक जाणते माणूसही.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, इंदूर