तपासणी अहवालात इंजिनाची अपुरी माहिती; बुकिंगची रक्कम परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : वापरलेल्या कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हरच्या इंजिनाबद्दल दिलेली अर्धवट माहिती आणि अडकवून ठेवलेली बुकिंगची रक्कम

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीकडे मी एका कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हरचं बुकिंग केलं होतं. इंजिनाबद्दल विचारलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरं मिळेनात म्हणून ते रद्द केलं. आता 'ग्राहकाने स्वेच्छेने माघार घेतली' असा शेरा मारून आपण बुकिंगची रक्कम अडकवली आहे. हा शेरा मला मान्य नाही. बुकिंगची पावती, तपासणी अहवाल आणि झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

आपला तपासणी अहवाल चांगला लांबलचक आहे. सीटवरचा ओरखडा, मागच्या दाराची सैल रबरपट्टी, चारही टायरची नक्षी किती मिलिमीटर उरली आहे, कुठला स्पीकर खरखरतो, हे सगळं त्यात फोटोसकट आहे. इंजिनाच्या वाट्याला मात्र तीन ओळी आल्या आहेत : 'फॉल्ट कोड नाही' (म्हणजे गाडीच्या संगणकात बिघाडाची नोंद नाही), 'तेलाची पातळी ठीक', 'आवाज सामान्य'. रबरपट्टी मी स्वतः बदलून घेईन. इंजिन गेलं तर ते दुरुस्त करायचं की गाडीच भंगारात काढायची, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून या तीन ओळींवर विसंबून मी पैसे देणार नव्हते.

पहिल्या ओळीचा प्रकार सगळ्यात गंभीर आहे. माझ्यासोबत आलेल्या मेकॅनिकने आपल्या माणसासमोरच गाडीला स्कॅनर लावला. कोड खरंच नव्हता. पण बहुतेक रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या भागांवर करायच्या चाचण्या, अपूर्ण होते आणि कोड पुसल्यापासून गाडी जेमतेम काही किलोमीटर चालली होती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा यांची तपासणी गाडी चालता चालता स्वतःच करत असते. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की या चाचण्या पहिल्यापासून सुरू होतात, आणि त्या पूर्ण व्हायला थंड स्टार्ट (पूर्ण गार झालेलं इंजिन सुरू करणं), गर्दीतलं चालणं, मोकळ्या रस्त्यावरचा एकसारखा वेग असं सगळं मिळून बऱ्यापैकी ड्रायव्हिंग लागतं. तोवर 'फॉल्ट कोड नाही' म्हणणं म्हणजे परीक्षेला बसायच्या आधीच 'एकाही विषयात नापास नाही' असं सांगणं झालं. यावर आपल्या प्रतिनिधीचं उत्तर होतं, "बॅटरी बदलली असेल, मॅडम." असेल? गाडी आपल्या ताब्यात, तपासणी आपली, शिक्का आपला. बॅटरी बदलली असेल तर तिची नोंद दाखवा. नसेल तर कोड कुणी पुसले आणि कोणते होते, ते सांगा.

आता तेल. डिपस्टिकवर तेल दिसलं म्हणून इंजिन निरोगी ठरत नाही. तेल खाणाऱ्या इंजिनात आदल्या संध्याकाळी तेल भरलं की दुसऱ्या दिवशी पातळी छान दिसते. सुबारूच्या २०११ ते २०१४ च्या फॉरेस्टरमधल्या २.५ लिटर इंजिनाच्या तेल खाण्यावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि तडजोड करावी लागली. त्या गाड्याही तेल भरल्या दिवशी ठीकच दिसत असणार. दुसरीकडे, लहान टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात उलटंही घडतं. थंड हवेत लहान लहान अंतरं चालली तर न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, तेल पातळ होतं आणि पातळी खाली जायच्या ऐवजी वर चढते. होंडा सीआर-व्हीच्या १.५ टर्बोबद्दल नेमकी हीच तक्रार आली आणि २०१८ साली चीनमध्ये गाड्या परत मागवाव्या लागल्या. मी पाहिलेल्या गाडीत तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. आपला माणूस मोठ्या कौतुकाने म्हणाला, "बघा, काठोकाठ आहे." डिपस्टिक नाकाशी धरून पेट्रोलचा वास येतो का, एवढं बघायलाही उपकरण लागत नाही. अहवालात त्याबद्दल चकार शब्द नाही.

'आवाज सामान्य' या ओळीबद्दल थोडक्यात. मी पोचले तेव्हा बोनेट गरम होतं. सैल टायमिंग चेनची खडखड आणि सायलेन्सरमधून निघणारा निळा धूर हे बहुतेक वेळा रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पहिल्या काही सेकंदांतच सापडतात. गाडी थंड ठेवा असं मी आधी लेखी कळवलं होतं. पुन्हा आले तेव्हाही इंजिन गरमच. 'जागेवरून हलवायला सुरू करावीच लागते' हे कारण एकदा पटू शकतं.

जाहिरातीत इंजिनापुढे फक्त '१.५ टर्बो पेट्रोल' लिहिलं होतं. एवढ्यावरून काहीच कळत नाही. अमेरिकेतल्या फोर्ड एस्केपचं उदाहरण घ्या. २०१७ ते २०१९ च्या गाडीतलं १.५ टर्बो चार सिलिंडरचं होतं. इंजिन ब्लॉकच्या रचनेमुळे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये झिरपतं ही तक्रार त्याचीच. २०२० च्या नव्या पिढीत आकडा तोच राहिला, इंजिन मात्र तीन सिलिंडरचं, वेगळं आलं. अशा कूलंट पिणाऱ्या गाडीखाली एक थेंबही पडलेला दिसत नाही, फक्त टाकीतली पातळी हळूहळू उतरत जाते. प्यूजो आणि सिट्रोएनच्या क्रॉसओव्हरमध्ये बसवलेल्या १.२ प्युअरटेक इंजिनाच्या आधीच्या आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट तेलातच फिरतो. तो झिजला की त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. तेल भरायच्या तोंडातून तो बेल्ट दिसतो, मापपट्टीने त्याची रुंदीही तपासता येते. म्हणजे प्रत्येक इंजिनाला विचारायचे प्रश्न वेगळे असतात, आणि कोणते विचारायचे हे ठरवायला इंजिन कोड (कोणतं इंजिन बसवलंय ते सांगणारा क्रमांक, फॉल्ट कोड नव्हे) आणि उत्पादनाचं वर्ष लागतं. चेसिस क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस सेंटर हा कोड सांगू शकतं. कारखान्याने मागवलेली दुरुस्ती झाली की राहिली, हेही तिथेच कळतं. मी हे दोन्ही ईमेलने विचारलं. उत्तर आलं : 'सदर वाहन आमच्या सर्व तपासण्यांमध्ये उत्तीर्ण झालेले आहे.'

त्या गाडीवर आपण 'कमी रनिंग'चा हिरवा बिल्ला लावला होता. सर्व्हिसच्या वहीत सुरुवातीचे शिक्के आहेत, नंतर दोन वर्षांहून मोठी पोकळी. तेल बदलायचं ते किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल त्यावर. कमी चाललेली, तेही जवळपासच्या फेऱ्यांत, आणि वेळेवर तेल न बदललेली टर्बो गाडी माझ्या हिशेबी जास्त धोक्याची. आपल्याच यादीत टर्बो नसलेली, साध्या पोर्ट इंजेक्शनची (पेट्रोल सिलिंडरबाहेर हवेच्या वाटेत फवारणारी) एक जुनी क्रॉसओव्हर होती. रनिंग पुष्कळ, पण प्रत्येक तेलबदलाचं बिल जागेवर. तिच्यावर आपण लाल अक्षरांत 'जास्त रनिंग' लिहून तिला यादीत तळाला टाकलं होतं. मी चौकशी करेपर्यंत ती गेली. ज्याने घेतली त्याला इंजिनाची पारख असावी. टर्बोवर माझा राग नाही, चांगली राखलेली टर्बोही मी आनंदाने घेईन. पण राखली आहे हे कागदावर दिसायला हवं.

"काळजी कसली, वॉरंटी घ्या ना," असाही सल्ला मिळाला. ती मी पूर्ण वाचली. इंजिन तिच्यात येतं, मात्र 'आधीपासून असलेला दोष' आणि 'देखभालीअभावी झालेलं नुकसान' वगळलेलं आहे. देखभालीचा पुरावा मला आपण देणार नाही, आणि दावा करायला गेले की तोच पुरावा माझ्याकडे मागणार. अशी वॉरंटी जादा पैसे देऊन कशासाठी घ्यायची?

'स्वेच्छेने माघार' या शब्दांना माझी हरकत आहे ती यासाठी. बुकिंगच्या अटींत 'वाहनाच्या स्थितीबद्दल दिलेली माहिती अपूर्ण अथवा चुकीची आढळल्यास रक्कम परत' असं आपणच छापलं आहे. कोड पुसल्याचं लपवणं, इंजिन कोड न देणं आणि थंड स्टार्ट दाखवायला दोनदा टाळाटाळ करणं हे त्या अटीत बसत नसेल, तर काय बसतं ते लेखी कळवावं.

माझी मागणी अशी की बुकिंगची पूर्ण रक्कम परत करावी आणि माझ्या नावापुढचा तो शेरा काढावा. शिवाय, मॉनिटर पूर्ण होऊन गाडी पुन्हा स्कॅन होईपर्यंत तिच्या जाहिरातीतली 'फॉल्ट कोड नाही' ही ओळ हटवावी. हे मी माझ्यासाठी मागत नाही, ती गाडी मी घेणार नाहीच. पण आज सकाळीही ती जाहिरात त्याच तीन ओळींसह झळकत होती आणि कुणीतरी ती घेईल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास हीच कागदपत्रं आणि स्कॅनरच्या पडद्याचे फोटो घेऊन मी ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे रीतसर तक्रार नोंदवेन. रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावी. पुढच्या खरेदीवर सूट किंवा कूपन नको.

कळावे,
आपली एक ग्राहक