पंचाच्या खुर्चीतून सुटका

विश्रामबाग, सांगली
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय पंक्चर,

तुझं हे नाव पत्राच्या डोक्यावर लिहिताना आजही हसू येतं. पॉलिटेक्निकची तीन वर्षं तुझ्या सायकलची ट्यूब बदलण्यात गेली माझी, त्याचं व्याज आज मागणार आहे. पण ते शेवटी. आधी आजचा दिवस ऐक. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच तुझं ब्लडप्रेशर काढलं असतंस.

मागच्या वर्षीची आमच्या कब-बुलबुलांची, म्हणजे स्काउट-गाइडमधल्या छोट्या पोरापोरींची, लाकडी गाड्यांची शर्यत आठवते? तेव्हा फोन करून मी रडगाणं गायलो होतो. या खेळाचं मूळ अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचचं. डॉन मर्फी नावाच्या एका बापाचा पोरगा मोठ्या मुलांच्या उतारगाड्यांच्या शर्यतीला वयाने कमी पडत होता. म्हणून त्याने 1953 मध्ये तिथल्या कब पथकासाठी ही छोटी शर्यत काढली. लाकडाचा ठोकळा, चार चाकं, चार खिळे. मोटर नाही, सेल नाही, उतारावरून सोडायची. तिकडच्या नियमात वजन पाच औंसांपर्यंत, म्हणजे आपले 141 ग्रॅम, आणि लांबी सात इंच. आम्ही तेच धरलं. वजन करायला सराफ कट्ट्यावरच्या ओळखीच्या सोनाराचा काटा आणला. गाड्या तोलायला तो काटा बघून पोरं अशी गप्प झाली, जणू पाटल्याच मोडायला आल्यात.

लाकूड मिरजेचं. सतारमेकर गल्लीत तुणाच्या लाकडाचे उरलेसुरले तुकडे मिळतात, हलके आणि पोरांच्या हाताला सोपे. वजन भरायला कुपवाडच्या वर्कशॉपमधले भंगारातले वॉशर. शिसं मुद्दाम टाळलं, ही पिल्लं काय तोंडात घालतील नेम नाही. आसाला पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची भुकटी चोळा म्हणून सांगितलं होतं. तरी दोघांनी घरून खोबरेल तेल लावून आणलं, आणि हॉलमधली सगळी धूळ त्यांच्या चाकांनी झाडून काढली.

उतार मीच बनवलाय, प्लायवूडचा. चार लेन, बत्तीस फूट लांब, सुरुवातीला चार फूट उंच. गेल्या वर्षी याच उतारावर आम्ही आपल्याकडच्या बैलगाडीच्या मैदानासारखा कारभार केला होता. चिठ्ठ्या टाकायच्या, गट पाडायचे, गट पास झाला तो सेमीला, बाकीचे घरी. आणि शेवटच्या रेषेवर पंच म्हणून कोण? तर मी. सेमीला माझी लेक आणि आमच्याच गल्लीतला एक पोरगा असे दोघं अगदी बरोबरीने आले. बघणाऱ्यांत निम्मे म्हणाले ती, निम्मे म्हणाले तो. मला खरं सांगायचं तर काहीच दिसलं नव्हतं. पण बाप पंच आहे म्हणून पोरगी जिंकली असं कुणी म्हणायला नको, एवढाच विचार करून मी त्या पोराचा हात वर केला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती दप्तराची चेन तुटली म्हणून.

त्यामुळे यंदा ठरवलं, काय वाटेल ते होवो, पंचाच्या खुर्चीत बसायचं नाही. शोधता शोधता डर्बीनेट नावाचं सॉफ्टवेअर सापडलं. याच शर्यतींसाठी केलेलं, फुकट, आणि त्याचा कोड कुणालाही बघता येतो. लॅपटॉपवर टाकायचं. एकाच वायफायवर असलेला कुठलाही मोबाईल किंवा प्रोजेक्टर ब्राउझरमधून त्याला जोडता येतो. हॉलमध्ये इंटरनेट नव्हतं तरी अडलं नाही, माझ्या साध्या राउटरवर सगळं चाललं. एक ताई दारात मोबाईलवर गाड्यांची नोंद आणि फोटो घेत होत्या, आणि पडद्यावर ‘आता कोण, पुढे कोण’ हे आपोआप येत होतं. टायमर मी घरी केला. आर्डुइनो म्हणजे तो छोटा कंट्रोलर बोर्ड, वरच्या कमानीत चार इन्फ्रारेड एलईडी, खाली प्रत्येक लेनमध्ये एक सेन्सर, आणि सुरुवातीच्या फाटकाला एक मायक्रोस्विच. फाटक पडलं की घड्याळ सुरू, नाकाने किरण तोडला की बंद.

सकाळी दहाला पहिला फजितवाडा. चौथ्या लेनवर गाडी गेली तरी घड्याळ थांबेना. वायरिंग तपासलं, सोल्डर तपासलं, मनातल्या मनात तुझ्यासकट सगळ्यांना शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट सेन्सरवर पडतंय. उन्हातही इन्फ्रारेड असतंच की, त्या बिचाऱ्याला किरण तुटल्याचं कळणार कसं? शेवटी एका आजीनं खांद्यावरची शाल खिडकीला टांगली. पंचवीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस मी!

आता खरी गंमत ऐक, तुला आकडे आवडतात. आमची बारा पोरं होती, ऐन वेळी तेरावं आलं. लोक म्हणाले, झाला घोळ. उलट चार लेनना तेरा हा सोन्यासारखा आकडा निघाला. पहिल्या फेरीत 1, 2, 4, 10 या गाड्या घे. दुसरीत प्रत्येकीत एक मिळव: 2, 3, 5, 11. असं करत जा, तेराच्या पुढे गेलं की परत एकपासून. तेरा फेऱ्यांत प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर बरोबर एकदा पळते, आणि प्रत्येक पोराची बाकीच्या बाराही जणांशी गाठ बरोबर एकदाच पडते. वहीत मांडून बघ, झोप उडेल. दुसऱ्या आकड्यांना इतकं नेटकं जमत नाही, तरी प्रत्येकाला प्रत्येक लेन मिळेल असा तक्ता सॉफ्टवेअर काढून देतं.

आमचे आण्णा पहिल्या रांगेत बसले होते. तीन फेऱ्या झाल्यावर मला हाक मारली. ‘‘सेमी कधी हाय?’’

‘‘सेमी नाही आण्णा. सगळे चार-चार वेळा पळणार, वेळेची सरासरी काढणार.’’

‘‘मग हरलेला घरी कधी जातो?’’

‘‘सगळ्यांबरोबर.’’

त्यांना ते काही पटलं नाही. मैदान म्हटलं की कुणीतरी तोंड पाडून बैल सोडायलाच हवेत. पण दुपारी जेवायला घरी न जाता ते शेवटच्या फेरीपर्यंत बसून होते, एवढं लिहून ठेवतो.

नवव्या फेरीत लेक आणि तो गेल्या वर्षीचा पोरगा समोरासमोर. गाड्या गेल्या, पुन्हा तोच गलका, ती की तो. या वेळी कुणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळ्या माना पडद्याकडे. तो 2.914, ती 2.918. सेकंदाच्या हजाराव्या भागाचे चार. उताराच्या शेवटी गाडीचा वेग सेकंदाला चारेक मीटर धर, म्हणजे दीडेक सेंटिमीटरचा फरक. लेकीने आकडा वाचला, ‘‘बरं’’ म्हणाली आणि पाणी प्यायला गेली. मी तिथंच वायरी गुंडाळल्याचं नाटक करत उभा. एकूण सहावी आली ती. पहिली आली ती एक सात वर्षांची बुलबुल. तिच्या गाडीला रंगसुद्धा नव्हता, पण चारही चाकं सरळ.

खरं दुखणं घरी आल्यावर निघालं. रात्री सहज सगळे आकडे लेनप्रमाणे मांडले. प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर पळालेली, त्यामुळे लेनची लेनशी तुलना सरळ होते. तेरापैकी अकरा गाड्यांची सगळ्यात सावकाश धाव तिसऱ्या लेनवर! तसाच उठून गच्चीवर गेलो. उतार तिथंच ठेवलाय. बॅटरी घेऊन तिसऱ्या लेनवरून नख फिरवलं. दोन प्लाय जोडलेत तिथं नख अडकलं. अर्धा मिलीमीटर असेल. सांधा माझा, पॉलिश माझं, वर्षभर मिरवतोय तो मी.

आणि गेल्या वर्षी सेमीला चिठ्ठीत लेकीला तिसरी लेन आली होती. मला पक्कं आठवतंय, कारण ‘‘बाबा, तीन माझा लकी नंबर’’ असं ती म्हणाली होती.

तिला अजून सांगितलेलं नाही. झोपलीय.

आता व्याजाचं. सांधा मी उद्या पॉलिशपेपरने घासून काढीन, पण चाकांचं काय करू? खेळण्यांच्या दुकानातली घेतली, तर दहातली चार लंबगोल. तू मोल्डिंगमध्ये आहेस. तीस मिलीमीटर व्यासाची, एकाच साच्यातली, भोक बरोबर मध्यावर असलेली ऐंशी चाकं पाठव. रंग कुठलाही चालेल, गुलाबी नको, पोरांत मारामाऱ्या होतात. पैसे देणार नाही. भडंगाचे दोन किलो पाठवतो, जास्त लसणाचं.

वहिनींना नमस्कार. ब्लडप्रेशरची गोळी घेतलीस का?

तुझा,
सोल्डऱ्या