हार्मनी अ‍ॅप बेसचा आवाज तपासत नाही, याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डॉमिनंट सेव्हन्थच्या धड्यातली सदोष उत्तरतपासणी

महोदय/महोदया,

हार्मनीचं चार आवाजांतलं (खालून वर बेस, टेनर, आल्टो, सोप्रानो) लेखन तपासून मिळेल, या तुमच्या आश्वासनावर वर्षाची वर्गणी भरली. या धड्यात मात्र बरोबर उत्तरांवर लाल फुली पडते आणि नमुना उत्तरंच चुकलेली आहेत. डॉमिनंट सेव्हन्थ म्हणजे स्केलच्या पाचव्या स्वरावर उभी राहणारी चार स्वरांची कॉर्ड. खालची उदाहरणं सी मेजरमधली, म्हणजे कॉर्ड जी-बी-डी-एफ; यात जी रूट (मूळ स्वर), डी फिफ्थ आणि एफ सेव्हन्थ. ती पुढे टॉनिकवर, म्हणजे सी-ई-जी या कॉर्डवर, सुटते.

सर्वांत गंभीर चूक ४/२ची (असे आकडे कॉर्डचा कोणता स्वर बेसमध्ये आहे ते सांगतात). इथे सेव्हन्थ म्हणजे एफ बेसमध्येच असतो. तो एक पायरी उतरून ईवर यायला हवा, म्हणूनच पुढे टॉनिकचं पहिलं इन्व्हर्जन, म्हणजे ई बेसमध्ये असलेली मांडणी, येतं. तुमच्या नमुन्यात बेस एफवरून थेट सीवर उडी घेतो. वरच्या आवाजात ई आहे, पण त्याने बेसमधला एफ सुटत नाही.

रूट पोझिशनमध्ये, म्हणजे जी बेसमध्ये असताना, खालून वर जी-एफ-डी-बी लिहिलं, की बी सीवर चढतो, एफ ईवर उतरतो, डी सीवर येतो. तीन सी आणि एक ई उरतात. हे उत्तर सर्वमान्य आहे. अ‍ॅप ‘फिफ्थ नाही’ (म्हणजे टॉनिकमधला जी नाही) म्हणून गुण कापतं आणि आल्टोचा डी वर जीकडे न्यायला सांगतं. बेस जीवरून सीकडे एक फोर्थ चढतो, आल्टोही तेवढाच चढतो. म्हणजे सरळ समांतर फिफ्थ, दोन आवाजांनी पाचव्या स्वराचं अंतर ठेवून एकाच दिशेने जाणं, जे या लेखनात चूक मानतात! शिवाय टेनर-आल्टोमधलं अंतर अष्टकाबाहेर जातं. टॉनिक पूर्ण हवीच असेल तर आधीच्या कॉर्डमधला डी गाळून खालून वर जी-जी-एफ-बी लिहायचं. टेनरचा जी जागीच राहतो.

४/३मध्ये, म्हणजे डी बेसमध्ये असताना, उलटा प्रकार. बेस डीवरून ईवर चढताना वरचा एफ जीवर गेलेला चालतो, कारण ई बेसनेच घेतलेला असतो आणि दोन्ही आवाज समांतर टेन्थमध्ये (दहाव्या स्वराच्या अंतराने) चालतात. अ‍ॅप तिथे ‘सेव्हन्थ वर गेला’ म्हणतं.

तिन्ही चुका बघता तपासणी वरच्या तीन आवाजांपुरतीच होते, असं दिसतं. ६/५चा, म्हणजे बी बेसमध्ये असतानाचा, नमुना बरोबर आहे, पण बेसमधला बी सीवर न जाता भलतीकडे गेला तर अ‍ॅप ते पकडतं का, हेही पाहा.

नमुना उत्तरं दुरुस्त करा, या धड्याचे कापलेले गुण फेरतपासून द्या. १५ दिवसांत हे होणार नसेल तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी परत करा. चुकलेल्या उत्तरांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला,
एक वर्गणीदार