नळ मोजू नका, नळ्या कधी धुतल्या ते विचारा

महोदय,

नवी टॅपरूम, म्हणजे नळातून ताजी बिअर देणारी जागा, उघडली की कौतुकाची सुरुवात नळ मोजण्यापासून होते. वीस नळ म्हणजे दहा नळांच्या दुप्पट चांगली, असा काहीसा हिशेब असतो. प्रत्यक्षात खप बेताचा असेल तर नळांची ती लांबलचक रांगच बिअर बिघडवते.

आकडे मांडून बघा. 50 लिटरच्या केगमधून, म्हणजे बिअरच्या धातूच्या पिंपातून, फेस आणि सांडलवंड वजा जाता 300 मिलीचे साधारण दीडशे ग्लास निघतात. उघडलेला केग दोन आठवड्यांत संपवायचा म्हटले तर वीस नळांना दिवसाला दोनशेहून अधिक ग्लास खपले पाहिजेत. ऐंशीच खपत असतील तर सात-आठ नळ पुरेत. कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली थंड ठेवलेला केग लगेच नासत नाही हे खरे, पण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) ताजा वास विरत जातो. शिवाय ज्या नळाला गिऱ्हाईक नाही, त्याच्या नळीतली बिअर तिथेच रात्र काढते. दुसऱ्या दिवशीचा पहिला ग्लास तिचाच असतो.

सगळ्यात जास्त हयगय होते ती नळ्यांच्या सफाईत. दर चौदा दिवसांनी कॉस्टिकचे (तीव्र अल्कलीचे) सुमारे 2 टक्के द्रावण (नळ्या जुन्या किंवा दुर्लक्षित असतील तर 3 टक्के) 27 ते 43 अंश सेल्सिअसला पंपाने निदान पंधरा मिनिटे फिरवायचे. पंप नसेल तर वीस मिनिटे नळीत भरून ठेवायचे. मग बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचे माप) साध्या पाण्याइतका होईपर्यंत गार पाण्याने धुवायचे. हे पीएचच्या कागदाने तपासावे लागते, नुसत्या नजरेला कळत नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. कॉस्टिकने बिअर-स्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा खरखरीत थर, निघत नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी आम्लाची वेगळी धुलाई लागते. हा थर जंतूंना आसरा देतो आणि त्याच्या खरखरीतपणामुळे बिअर नळीतच फेसाळते.

‘धुताना नळीतली बिअर वाया जाते’ ही सबब नेहमीची. आतला व्यास 6 मिलिमीटर आणि लांबी 10 मीटर असलेल्या नळीत जेमतेम 280 मिली बिअर मावते. म्हणजे दर पंधरवड्याला एका नळामागे एक ग्लास. एवढ्यासाठी शंभर ग्लासांची चव पणाला लावायची?

नळ्यांइतकीच तोटी महत्त्वाची. ती पूर्ण सुटी करून ब्रशने घासावी लागते, केगला नळी जोडणारा कपलरही तसाच. आठवडाभर सुटी न केलेल्या तोटीच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकला तर आत तपकिरी, बुळबुळीत साय धरलेली दिसते. हवा आणि बिअर दोन्ही तिथे भेटतात, त्यामुळे आंबट व्हिनेगरचा वास तिथूनच सुरू होतो. नळीत शिरलेले जंतू वेगळे. त्यांच्यामुळे बिअरला लोण्यासारखा, कधी नासलेल्या दुधासारखा आंबूस वास येतो. गिऱ्हाईक मात्र म्हणते, ‘ही कंपनीच बेकार.’ बनवणाऱ्याची बिचाऱ्याची काही चूक नसते.

आता थंडावा आणि दाब. केग 3 ते 4 अंशांवर राहिला पाहिजे आणि तोच थंडावा तोटीपर्यंत टिकला पाहिजे. गरम आलेला केग लगेच जोडला की नुसता फेस येतो. त्याला कोल्ड रूममध्ये किमान एक दिवस काढू द्यावा. साधारण 3.3 अंशांना 11 ते 12 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब ठेवला तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीचपट वायू टिकतो. बहुतेक बिअरना तेवढा पुरतो. बिअर 7 अंशांपर्यंत तापली की तेवढ्याच दाबाला तेवढा वायू तिच्यात राहत नाही, तो फेस होऊन बाहेर पडतो. इथेच काउंटरवरचा माणूस हमखास चुकतो. फेस वाढला म्हणून तो गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर पिळून दाब कमी करतो. दाब उतरला की वायू नळीतच सुटू लागतो, फेस आणखी वाढतो आणि काही दिवसांत केगमधली उरलेली बिअर मिळमिळीत होते. फेस आला तर आधी थर्मामीटर बघावा, रेग्युलेटर शेवटी. गॅसऐवजी पंपाने हवा भरणे तर सरळ गुन्हा समजावा. हवेतल्या ऑक्सिजनने बिअर शिळी होते आणि तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

कोल्ड रूममध्ये गॅस गळला तर तो जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरू शकतो. तिथे कार्बन डायऑक्साइडचा अलार्म नसलेल्या टॅपरूमला चांगली कसे म्हणायचे?

ग्लासाविषयी थोडे सविस्तर, कारण ही परीक्षा गिऱ्हाइकालाही घेता येते. बिअर भरल्यावर ग्लासाच्या आतल्या कडेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास मळका आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटामागे फेसाची एक कडी काचेवर राहते. मालकाला घरच्या घरी तपासायचे असेल तर ओल्या ग्लासात मीठ भुरभुरावे. जिथे ते चिकटत नाही तिथे तेलकटपणा आहे. ग्लास धुऊन, विसळून जाळीवर उपडा वाळवावा. फडक्याने पुसू नये. धागे राहतात आणि फडक्याचा वासही. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास दिसायला झकास, पण त्याच्या आतल्या बर्फाच्या कणांवर बिअर फसफसते आणि अतिगार झाल्याने चवही मरते. ओतण्याआधी गार पाण्याची एक फवारणी पुरे. ग्लास 45 अंशांत तिरपा धरावा, तोटी एका झटक्यात पूर्ण उघडावी आणि तिचे तोंड बिअरमध्ये बुडू देऊ नये. वर बोटभर फेस राहिला पाहिजे. ‘फेस नको, काठोकाठ भरा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एवढेच सांगावे की हॉप्सचा वास त्या फेसातून नाकाला पोचतो.

स्वयंपाकघराचा संबंधही इथेच येतो. तळणीचा धूर ओढणारा पंखा कमजोर असेल तर तेलाचा सूक्ष्म थर वाळत घातलेल्या ग्लासांवर बसतो आणि फेस मिनिटभरात विरतो. मग नळ्यांना दोष दिला जातो. ग्लासांची जाळी आणि कढई यांच्यामध्ये भिंत हवी.

पदार्थ आठ-दहाच असावेत, पण ते बंद व्हायच्या तासापर्यंत मिळावेत. तळणीचे तेल 175 ते 180 अंशांवर असावे. एकाच वेळी भरमसाट बटाटे टाकले की तापमान कोसळते आणि बटाटे तेल पितात. तेल रोज गाळावे. काळपट, फेसाळ झाले की टाकून द्यावे. तळलेल्याचा तेलकटपणा बिअरचा वायू आणि कडवटपणा जिभेवरून धुऊन नेतात, म्हणून ही जोडी जमते. तिखटाचे मात्र उलटे: कडक हॉप्सच्या बिअरबरोबर मिरची जास्त झोंबते, तिथे माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडसर बिअर बरी. हे वाढणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. त्यासाठी रोज दुकान उघडण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी प्रत्येक नळाचा घोटभर नमुना चाखावा. बिघडलेली बिअर तिथेच पकडली जाते.

फळ्यावर बिअरच्या नावासोबत मद्याचे प्रमाण आणि केग जोडल्याची तारीख लिहावी. छोटा ग्लास मागण्याची सोय असावी, म्हणजे अनोळखी बिअर निवडताना कोणी बिचकत नाही. न पिणाऱ्या सोबत्यासाठी चांगले काहीतरी असावे, नुसते साखरपाणी नको.

वाचकांपैकी कोणाला टॅपरूम पारखायची असेल तर काउंटरवर सहज विचारावे: ‘ही लाइन शेवटची कधी धुतली?’ वही उघडून तारीख सांगितली तर बसावे. ‘आम्ही रोजच धुतो’ असे उत्तर आले, तर बहुधा तिथे रोज नुसते पाणीच सोडत असतात.

आपला,
एक वाचक